टोबाने माणूस संपवत आणला होता म्हणे! मला नाही पटत

खडकफोड्या: सुमात्रातला टोबा ज्वालामुखी सुमारे ७४,००० वर्षांपूर्वी फुटला. अंदाजे २,८०० घन किलोमीटर माल बाहेर पडला, जमीन खचली. त्या खड्ड्यात आज शंभर किलोमीटर लांबीचं सरोवर आहे. इथवर भांडण नाही. पण त्यानंतरच्या गारठ्यात जगभरात जेमतेम काही हजार माणसं उरली, असं मानववंशशास्त्रज्ञ स्टॅनली अँब्रोज यांनी १९९८ मध्ये मांडलं आणि तेव्हापासून तेच दळण चालू आहे. आंध्रातल्या ज्वालापुरमला याच राखेच्या थराखाली दगडी हत्यारं सापडली, थराच्या वरही सापडली, आणि दोन्हींची घडण बरीचशी सारखी (पेट्राग्लिया-कोरीसेट्टर यांचा संशोधक गट, २००७). राख अंगावर पडली तिथले लोक टिकले, मग आफ्रिकेतले कसे संपत आले?

गाळपेर: हत्यारं सारखी म्हणून माणसंही तीच? एक टोळी मेली, दोनशे वर्षांनी दुसरी येऊन तसेच दगड फोडू लागली, तर थरात काय कळणार? बंगालच्या उपसागरातल्या गाळातले परागकण बघा. राखेनंतर मध्य भारतात झाडी हटून गवत वाढलेलं दिसतं.

खडकफोड्या: गवत वाढलं म्हणून शिकार संपत नाही. आफ्रिकेतल्या मलावी सरोवराच्या गाळात टोबाची राख मिळाली, पण मोठ्या गारठ्याची खूण नाही. आजच्या माणसांत जनुकीय विविधता कमी आहे म्हणाल, तर मूठभर लोकच आफ्रिकेबाहेर पडले यानेही ती घटते.

जुन्नरवाला: आपल्या पुणे जिल्ह्यातल्या बोरी गावाचं कोणी बोलेल का? कुकडीच्या काठावर तीच फिकट राख आहे. बोटांत चोळली की रांगोळीसारखी खरखरते, सूक्ष्मदर्शकाखाली काचेच्या वाकड्या किरच्या दिसतात. सोबत अश्युलियन, म्हणजे अश्मयुगातल्या फार जुन्या घडणीच्या, दगडी हातकुऱ्हाडी. काही जण राख ७४,००० वर्षांची म्हणतात, काही जण टोबाच्याच कित्येक लाख वर्षं जुन्या स्फोटाची. आधी ते मिटवा!

गाळपेर: नदीकाठच्या राखेचं दुखणं तेच. ज्वालापुरमचा अडीच मीटरचा थरसुद्धा बहुतांश वाहून येऊन साचलेला. थेट आकाशातून पडलेली राख तळाशी काही सेंटीमीटरच. मग वरचं हत्यार स्फोटानंतर 'लगेचचं' कशावरून?

खडकफोड्या: मग मध्य प्रदेशात सोन नदीच्या खोऱ्यातलं ढाबा हे उत्खननाचं ठिकाण घ्या. २०२० मधलं संशोधन आहे. ८०,००० ते ६५,००० वर्षांपूर्वीपर्यंत हत्यारं सलग मिळतात.

गाळपेर: सलग म्हणजे किती सलग? वाळूच्या कणांवरून काढलेलं वय दोन-चार हजार वर्षं सहज इकडेतिकडे होतं. माणसं मरायला दहा वर्षांचा दुष्काळ पुरतो.