१२३४५६७८९८७६५४३२१ या संख्येचे वर्गीकरण

प्रश्न
देवळालीचे गणितज्ञ द. रा. कापरेकर यांच्या डेमलो संख्यांचा (१२१, १२३२१ यांसारख्या) अभ्यास करताना १११११११११ या नऊ एकांच्या संख्येचा वर्ग समोर आला. ही सतरा अंकी वर्गसंख्या उलटसुलट सारखीच वाचता येते, हे उघड आहे. परंतु तिचे मूळ अवयव कोणते, आणि कापरेकरांनीच मांडलेल्या हर्षद (आपल्याच अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणारी) व स्वयंभू या प्रकारांत ती बसते का, हे संगणकाशिवाय ठरवता येईल का?

उत्तर १
नऊ एकांच्या संख्येला ९ ने भागल्यास १२३४५६७९ मिळतात (यात ८ नाही) आणि त्यांचे अवयव ३७ व ३३३६६७ असे पडतात. हे दोन्ही मूळ आहेत. त्यामुळे आपली संख्या म्हणजे ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग आणि ३३३६६७ चा वर्ग यांचा गुणाकार होय. तिचे विभाजक ५ × ३ × ३ म्हणजे ४५ आहेत. सर्व विभाजकांची बेरीज संख्येच्या सुमारे १.५४ पट, म्हणजे दुपटीहून कमी भरते. म्हणून ती न्यून संख्या ठरते.

उत्तर २
अंकांची बेरीज ८१ आहे आणि ८१ ने निःशेष भाग जातो, तेव्हा ती हर्षद आहे. स्वयंभूचा प्रश्न अधिक रंजक आहे. एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून जी कधीच तयार होत नाही, ती स्वयंभू. सतरा अंकांची बेरीज जास्तीत जास्त १५३ असल्याने जनक संख्या (जिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवल्यास आपली संख्या येते ती) आपल्या संख्येच्या मागे १५३ च्या आतच शोधावी लागेल. तेवढ्या अंतरात पहिले तेरा अंक बदलत नाहीत आणि त्यांची बेरीज ७१ आहे. शिवाय आपल्या संख्येला ९ ने भाग जात असल्यामुळे जनक संख्येच्या अंकांची बेरीजही ९ च्या पटीत हवी. शेवटचे चार अंक ४१६८ ते ४३२१ यांच्या दरम्यान असल्याने त्यांची बेरीज १० किंवा १९, म्हणजे एकूण ८१ किंवा ९०, एवढेच पर्याय उरतात. ९० वजा केल्यास शेवट ४२३१ येतो, पण तेथे एकूण बेरीज ८१ च भरते. ८१ वजा केल्यास मात्र १२३४५६७८९८७६५४२४० मिळतात आणि त्यांच्या अंकांची बेरीज नेमकी ८१ आहे. म्हणून आपली संख्या स्वयंभू नाही. तिला एकच जनक आहे.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. दहा एकांच्या वर्गातही हे गुण टिकतात का?

उत्तर १
नाही. तेथे मधल्या स्थानी दहा एकांची बेरीज होऊन हातचा पुढे जातो आणि १२३४५६७९००९८७६५४३२१ ही संख्या मिळते, जी उलट वाचल्यास वेगळीच दिसते. तिच्या अंकांची बेरीज ८२, तर संख्या विषम. त्यामुळे ती हर्षदही नाही.