मदत हवी आहे: एकाच मॉडेलचे दोन प्रोसेसर, एका खोक्यावर मलेशिया, दुसऱ्यावर व्हिएतनाम. एक नकली असेल का?

राम राम मंडळी. अमळनेरला माझं कॉम्प्युटर जोडणी-दुरुस्तीचं दुकान आहे. कापसाचा व्यापार करणाऱ्या एका नानांना मागच्या आठवड्यात दोन मशीन जोडून दिल्या. दोन्हींत इंटेलचा आय३-१२१०० टाकला. एका विक्रेत्याकडे दोन शिल्लक नव्हते, म्हणून एक जळगावहून आणला, एक धुळ्याहून. जोडणी चालू असताना नानांचा मुलगा शेजारीच होता, प्रोसेसरवर कूलरखालची पेस्ट लावायच्या आधी त्याने हौसेने सगळ्याचे फोटो काढले. घरी गेल्यावर त्याला फोटोंत खोक्यांवरचे दोन देश दिसले आणि रात्री नानांचा फोन आला: "भाऊ, हाऊ व्हिएतनामवाला डुप्लिकेट शे. कंपनी तं अमेरिकानी शे ना?"

मला उत्तर देता आलं नाही. दोन्ही मशीन नीट चालताहेत, पण नानांनी अर्धे पैसे थांबवलेत. पैशापेक्षा, बारा वर्षांच्या ओळखीत शंका आली याचं जास्त लागलंय. देश वेगळा म्हणजे माल वेगळा का? आणि खरा-खोटा ओळखायचा कसा?

प्रतिसाद १

दादा, काळजी करू नका, दोन्ही देश बरोबर आहेत. खोक्यावर लिहिलेला देश जोडणीचा असतो. चिप जन्मते दुसरीकडेच. इंटेलच्या सिलिकॉनच्या चकत्या, म्हणजे वेफर, अमेरिकेत ओरेगॉन-ॲरिझोनात, इस्राएलच्या किर्यात गातला, आयर्लंडच्या लेक्सलिपला तयार होतात. ३०० मिलिमीटरच्या एका चकतीवर शेकडो चिप असतात. चकतीवरच पहिली तपासणी होते, मग चकती कापतात आणि चांगल्या चिप पुढे जातात. पुढचं काम मलेशियात पेनांग आणि कुलीम, व्हिएतनाममध्ये हो ची मिन्ह सिटी, चीनमध्ये चेंगडू इथे. पेनांगला तर इंटेल १९७२ पासून आहे. तिथे चिप हिरव्या पट्टीवर बसवतात, वर धातूचं झाकण लावतात, मग जास्त तापमान आणि जास्त व्होल्टेज देऊन चालवून बघतात. कच्च्या निघालेल्या चिप तिथेच गळतात.

आपल्याकडे केळीच्या घडांची प्रतवारी होते ना, तसंच. एकाच चकतीतली कुठली चिप जास्त वेगाला टिकते, कुठलीचा ग्राफिक्सचा भाग नीट नाही, त्यावरून मॉडेल ठरतं. नावापुढे 'एफ' असलेल्यात ग्राफिक्स बंद असतं, ते यातूनच. पण एका मॉडेलची कसोटी सगळ्या कारखान्यांत एकच, म्हणून मलेशियाचा सरस आणि व्हिएतनामचा कमी असं काही नाही.

इंटेलची स्पर्धक एएमडी, तिचं तर आणखी लांब. २००९ मध्ये त्यांनी आपले कारखाने वेगळे केले, आता मुख्य चिप तैवानात टीएसएमसी या कंपनीकडे बनतात. रायझन ५००० मालिकेतल्या काही प्रोसेसरच्या झाकणावर अमेरिका, तैवान आणि चीन असे तीन देश कोरलेले सापडतील.

खात्री मात्र करून घ्याच. झाकणावर बॅच नंबर असतो: पहिलं अक्षर जोडणीच्या कारखान्याचं, पुढचा अंक वर्षाचा, त्यापुढचे दोन आठवड्याचे. तो खोक्यावरच्या बॅच नंबरशी जुळला पाहिजे. मग तो आणि खोक्यावरचा सिरियल नंबर इंटेलच्या वॉरंटी पानावर टाका.

प्रतिसाद २

गुजरातेत साणंदला आता बनतात ना हे?

प्रतिसाद १

साणंदचा मायक्रॉन कंपनीचा कारखाना मेमरी चिपच्या जोडणी-तपासणीचा आहे, भाऊ. हे प्रोसेसर तिथे होत नाहीत.

धागाकर्ता

फार उपकार झाले. कूलर काढायची गरजच पडली नाही, नानांच्या मुलाने काढलेल्या फोटोंत झाकणावरचे नंबर स्पष्ट आहेत. धुळ्याच्या प्रोसेसरचं, म्हणजे व्हिएतनामवाल्याचं खोकं दुकानातच होतं. बॅच नंबर जुळला, वॉरंटीही दिसली. मलेशियावाल्याचं खोकं नानांच्या घरी आहे. सकाळी तिथे जाऊन त्यांच्यासमोरच नंबर टाकतो, मुलाच्याच मोबाईलवर.