प्रति: पकड भारी की ठोसा?
पैलवान आणि बॉक्सर भिडले तर कोण भारी, या चर्चेत वर कुणीतरी लिहिलंय, "एकदा मिठी बसली की बॉक्सर संपला". ते निम्मं पटलं. १९९३ च्या पहिल्या यूएफसीत, म्हणजे वेगवेगळ्या शैलीच्या लढवय्यांच्या स्पर्धेत, ब्राझिलियन जिउ-जित्सू (पकडीची, गळा-सांधे आवळायची कला) खेळणाऱ्या रॉयस ग्रेसीनं तेच दाखवलं. पण मातीतल्या गड्याची एक खोड कुणी बोललंच नाही. आपल्याकडं पाठ टेकली की कुस्ती गेली, म्हणून खाली आलो की आपण पालथं होतो, कोपरं आवळून मातीला चिकटतो. कोल्हापुरात तालमीत आठ वर्षं मी हेच घोटलं.

मग मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या (ठोसे, लाथा, पकड सगळं चालतं त्या खेळाच्या) क्लासला गेलो. पहिल्याच दिवशी सवयीनं पालथा झालो, तर पोरगं पाठीवर बसून गळाच आवळायला लागलं. माझ्यापेक्षा दहा किलोनं हलकं, लेकाचं! पट काढताना (पाय धरून पाडायला जाताना) हनुवटी झाकायची, ते महिन्याभरात जमलं. पाठ न देणं अजून अंगात मुरत नाही.