चर्चा: मेलेंत्येव्हचे ५८१ गुण आणि भारी पिस्तुलाचा भ्रम

वाटाड्या

पॅरिस ऑलिंपिकनंतर मनू भाकरचं पिस्तूल एक कोटीचं असल्याचा मेसेज घरोघर फिरला. शेवटी तिलाच सांगावं लागलं की किंमत दीड ते एक लाख पंच्याऐंशी हजारांच्या आसपास असते आणि खर्च एकदाच करायचा असतो. तरी 'तसलं हत्यार हातात दिलं तर कुणीही मारेल' हे पालुपद थांबायला तयार नाही. म्हणून हा धागा.

माझं म्हणणं असं की १९८० नंतर पिस्तुलात जे जे नवं आलं, त्याने जगज्जेत्यांच्या गुणांत नावापुरती भर पडली. विक्रमांची वहीच उघडून बघा.

५० मीटर फ्री पिस्तूल. एका हाताने ६० गोळ्या, कमाल गुण ६००, आणि दहाचं वर्तुळ फक्त ५० मिलिमीटरचं. १९३६ ला बर्लिनमध्ये स्वीडनच्या टॉर्स्टन उलमनने ५५९ केले. १९८० ला मॉस्कोत अलेक्झांडर मेलेंत्येव्हने ५८१ केले. त्याच्या हातात होतं रशियातल्या तुला गावच्या कारखान्यातलं टीओझेड-३५. साठच्या दशकातलं, येफिम खैदुरोव्हने आखलेलं पिस्तूल. एका वेळी एकच गोळी भरायची, नळीचं मागचं तोंड बंद करणारा, गोळी भरताना खाली उतरणारा मार्टिनी पद्धतीचा ब्लॉक, लाकडी मूठ. बॅटरी नाही की सर्किट नाही. तो विक्रम मोडायला २०१४ उजाडलं! ग्रॅनाडाच्या जागतिक स्पर्धेत कोरियाच्या जिन जोंग-ओने ५८३ मारले. तोवर इलेक्ट्रॉनिक ट्रिगर येऊन तीसेक वर्षं झाली होती. ३४ वर्षांत साऱ्या इंजिनिअरिंगची कमाई दोन गुण.

१० मीटर एअर पिस्तुलातही तेच. सर्गेई पिझ्यानोव्हने १९८९ ला म्युनिकला ५९३ केले. २००९ ला चांगवॉनमध्ये जिननेच ५९४ केले. मधल्या वीस वर्षांत कार्बन डायऑक्साइडच्या नळकांड्या गेल्या, दाबलेल्या हवेच्या आल्या, धक्का शोषणारी यंत्रणा आली. गुण वाढला एक.

आता बोला.

चौकस_ठाणेकर

वाटाड्या, साल मोठं सोयीचं निवडलंत. १९८० पासूनच का मोजायचं? तुमच्याच आकड्यांत ५५९ ते ५८१ हा २२ गुणांचा फरक आहे, तो काय नुसत्या प्राणायामाने आला?

पिस्तुलाने फरक पडतो की नाही हे बघायचं तर २५ मीटर रॅपिड फायर बघा. १९३६ ला जर्मनीच्या वाल्थर कंपनीने ऑलिंपिया नावाचं पिस्तूल उतरवलं, आणि त्या प्रकारात सुवर्ण कॉर्नेलियस फान ओयेनला, रौप्य हाइन्झ हाक्सला. दोघेही जर्मन.

आणि १९५६ चं मेलबर्न कसं विसरता? सोव्हिएत नेमबाज एमटीएस-३ घेऊन आले होते. उलटं पिस्तूल! नळी खाली, जवळजवळ मुठीच्या रेषेत, आणि साईट (नेम धरायची खूण) वर. रॅपिड फायरमध्ये पाच निशाणांवर पाच गोळ्या, आणि शेवटच्या फेरीला वेळ फक्त चार सेकंद. गोळी सुटली की नेहमीच्या पिस्तुलाचं तोंड वर उडतं, ते खाली आणण्यात वेळ जातो. नळीच हाताच्या रेषेत आणली तर धक्का सरळ मनगटात जातो, तोंड उडतच नाही. येवगेनी चेर्कासोव्हला रौप्य मिळालं. पुढे या रचनेलाच बंदी झाली. नळीची मधली रेघ अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्याच्या वरून गेली पाहिजे, असं नियमात आलं.

पिस्तुलाने काही होत नसतं, तर नियम लिहायची वेळ का आली असती?

रांगडा_करवीर

ठाणेकर, पॉइंट कडक हाय. पन त्याच मेलबर्नला गोल्ड कुनाला, ते बी सांगा की. रुमानियाच्या स्टेफान पेट्रेस्कूला. ५८७.

चौकस_ठाणेकर

रौप्य मिळालं म्हणजे पिस्तूल वाईट होतं असं होत नाही ना, भाऊ. स्पर्धेत सहा माणसं उलटी पिस्तुलं घेऊन उतरली असती तरी सुवर्ण एकालाच मिळणार.

प्राजक्ता_रेंज

मी स्वतः एअर पिस्तूल मारते (राज्यपातळीच्या वर कधी गेले नाही, त्यामुळे अधिकारवाणी वगैरे समजू नका). दोघेही 'पिस्तूल' म्हणजे एकसंध वस्तू धरून चाललायत. रेंजवर आम्ही कुणी तसा विचार करत नाही.

पहिली मूठ. ग्रिप हाताला बसली नाही तर बाकी सगळं शून्य. नवीन ग्रिप आली की कानस, पॉलिश पेपर, लाकडाची पुट्टी घेऊन लोक महिनोन् महिने घासत आणि भरत बसतात. दरवेळी पिस्तूल उचललं की साईट आपोआप डोळ्यासमोर सरळ आली पाहिजे, मनगट वळवावं लागता कामा नये. फ्री पिस्तुलात तर ग्रिप सबंध हाताला वेढून टाकायची, फक्त मनगटाला आधार द्यायची परवानगी नव्हती.

दुसरा ट्रिगर. तो सुटायला लागणारा दाब एअर पिस्तुलात किमान ५०० ग्रॅम, २५ मीटरला १००० ग्रॅम. फ्री पिस्तुलात किमान वजन नव्हतंच, बोट टेकवलं की सुटावं इतका हलका ठेवणारे होते. इलेक्ट्रॉनिक ट्रिगरचा फायदा वेग नाही, सातत्य आहे. धातूचे पार्ट एकमेकांवर घासत नाहीत, त्यामुळे पहिल्या आणि साठाव्या शॉटला बोटाला तेच जाणवतं. पण चांगला ट्यून केलेला मेकॅनिकल ट्रिगरही तिथवर जातो. मेलेंत्येव्हचं कोडं मला त्यामुळे फारसं कोडं वाटत नाही. टीओझेडचा ट्रिगर आजही हेवा वाटावा असा आहे.

तिसरी गोळी. पॉइंट टू-टू (०.२२ इंच मापाची गोळी) मध्ये एकाच कंपनीच्या दोन लॉटमध्ये फरक पडतो. मोठे नेमबाज कारखान्यात जाऊन आपल्या नळीला कुठला लॉट जमतो ते तपासून त्याचाच साठा घेतात. तुमच्या वादात हिचं नावही नाही.

मी_फक्त_वाचक

खुर्ची ओढून बसलोय. चालू द्या.

वाटाड्या

चौकस, नियमाचा मुद्दा मान्य, पण तो माझ्याच बाजूने वळतो. यंत्राने फार पुढे उडी मारली की नियमाने ती वाट बंद केली. पिस्तूल किती लांब-रुंद पेटीत मावलं पाहिजे, वजन किती, ट्रिगर किती, सगळं ठरलेलं. एअर पिस्तुलाची पेटी ४२० × २०० × ५० मिलिमीटर, वजन दीड किलोच्या आत. त्या चौकटीत ऑस्ट्रियाचं स्टायर घ्या, स्वित्झर्लंडचं मोरिनी घ्या, जर्मनीचं फाइनवेर्कबाउ किंवा वाल्थर घ्या, इटलीचं पार्दिनी घ्या, उरतो तो आवडीनिवडीचा फरक.

शिवाय २००५ चं काय? अथेन्सनंतर रॅपिड फायरचे नियम बदलले. तोवर पॉइंट टू-टू शॉर्ट गोळी चालायची. दारू कमी, धक्का कमी, वर नळीला गॅस सोडणारी भोकं आणि हलका ट्रिगर. हे एका फटक्यात बाद झालं. आता त्याच मापाची पण जास्त दारूची 'लाँग रायफल' गोळी आणि हजार ग्रॅमचा ट्रिगर. जर्मनीच्या राल्फ शुमानने १९९२, १९९६ आणि २००४ ची तिन्ही सुवर्णं जुन्या नियमात जिंकली होती. पार्दिनीने त्याच्या नावाचं मॉडेल काढलं होतं. तुमच्या हिशोबाने पिस्तूल काढून घेतल्यावर शुमान संपायला हवा. २००८ ला बीजिंगमध्ये, वयाच्या ४६ व्या वर्षी, त्याने रौप्य घेतलं.

चौकस_ठाणेकर

शुमान हे अपवादाचं उदाहरण आहे हो. एक शुमान टिकला म्हणून बाकीच्यांचं काय झालं ते कळत नाही. ज्यांच्या देशाकडे नवी पिस्तुलं घ्यायला पैसे नव्हते, त्यांच्या कपाटातली चालू पिस्तुलं एका रात्रीत शोभेची वस्तू झाली. जर्मन संघाला नवं मॉडेल मिळालंच.

माजी_सुभेदार

नमस्कार. दोन गोष्टी.

हंगेरीचा कारोली ताकाच. सैनिक. १९३८ मध्ये सरावात हातगोळा हातातच फुटला, उजवा हात गेला. त्याच हाताने तो नेमबाजी करायचा. गडी डाव्या हाताने शिकला आणि १९४८ ला लंडनला रॅपिड फायरचं सुवर्ण घेतलं, ५८० चा जागतिक विक्रम करून. १९५२ ला हेलसिंकीत पुन्हा सुवर्ण. पिस्तूल कोणतं होतं हे कोणी विचारत नाही, यातच काय ते समजा.

दुसरी गोष्ट मनाला लागलेली आहे. फ्री पिस्तूल ऑलिंपिकमधून २०१६ नंतर काढून टाकलं. महिला आणि पुरुषांचे प्रकार समान व्हावेत म्हणून मिश्र सांघिक प्रकार आणले. उद्देश चांगला, पण बळी गेला तो सगळ्यात जुन्या आणि सगळ्यात अवघड प्रकाराचा. आपला जितू राय २०१४ ला ग्रॅनाडात ज्या प्रकारात जिनच्या मागे रौप्यपदकावर होता, तोच हा प्रकार. २०१८ ला ओम प्रकाश मिथरवाल त्यात जगज्जेता झाला, तेव्हा ऑलिंपिकचं दार बंद होऊन गेलं होतं. त्यामुळे मेलेंत्येव्ह मोठा की जिन, याचा निकाल आता कधी लागायचा?

प्राजक्ता_रेंज

सुभेदार काका, अगदी. नवी फ्री पिस्तुलं कोण आखणार आता? मोठ्या स्पर्धेचं मार्केटच गेलं.

ताकाचबद्दल एकच. डाव्या हाताला डावी ग्रिप लागते. कुणीतरी ती त्याला करून दिली असणार किंवा त्याने स्वतः कोरली असणार. जिद्द आणि लाकूड, दोन्ही लागतं.

नवखी_पालक

टोकियो ऑलिंपिकबद्दल कुणीच बोललं नाही. मनूचं पिस्तूल ऐन पात्रता फेरीत बिघडलं होतं ना? मग पिस्तुलामुळेच पदक गेलं की!

चौकस_ठाणेकर

बरोबर, ताई. कॉकिंग लिव्हर (पिस्तूल भरायचा दांडा) तुटला. दुरुस्तीत पंधरा-वीस मिनिटं गेली आणि उरलेल्या वेळात घाईने शॉट मारावे लागले. ५७५ गुण, बारावा नंबर, अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. वाटाड्यांनी ३४ वर्षांची कमाई म्हणून हिणवलेले तेच दोन गुण. वरच्या पातळीवर सगळा खेळच दोन गुणांचा असतो. पिस्तुलाने दोनच गुणांचा फरक पडतो असं म्हणणं म्हणजे धावपटूच्या बुटाने शतांश सेकंदाचाच फरक पडतो म्हणण्यासारखं आहे.

वाटाड्या

बिघडलेलं पिस्तूल हरवतं, हे मी कुठे नाकारलं? चांगलं पिस्तूल जिंकवतं हे मी नाकारतोय. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टोकियोलाही मोरिनी, पॅरिसलाही मोरिनी. मधल्या तीन वर्षांत मोठा बदल झाला तो पिस्तुलात नाही, जसपाल राणा पुन्हा तिचे प्रशिक्षक झाले हा. पॅरिसला दोन कांस्य आली.

जसपालचीच गोष्ट घ्या. २००६ च्या दोहा एशियाडमध्ये अंगात ताप असताना २५ मीटर सेंटर फायर पिस्तूल प्रकारात ५९० मारून जागतिक विक्रमाची बरोबरी केली. ताप काही पिस्तुलाला नव्हता.

रांगडा_करवीर

आमच्या राहीताईचं सांगतो. राही सरनोबत, कोल्हापूर. २०१३ ला चांगवॉनला वर्ल्ड कपचं गोल्ड. पुढं कोपराची दुखापत झाली, लई दिवस मागं पडली. परत उभी ऱ्हायली ती कशावर? नव्या पिस्तुलावर न्हाई. मुंखबयार दोर्जसुरेन म्हणून जर्मनीची कोच लावली, मूळची मंगोलियाची, दोनदा वर्ल्ड चॅम्पियन झालेली बाई. पदरच्या पैशानं लावली. २०१८ ला जकार्ताच्या एशियाडमधी थायलंडच्या पोरीबरोबर ३४-३४ वर टाय, मग शूट-ऑफ, त्यात बी टाय, परत शूट-ऑफ, आन् गोल्ड. एशियाडचं सोनं आननारी भारताची पयली महिला नेमबाज. पैसा घालायचाच तर कुठं घालायचा, ते बघा म्हनं.

चौकस_ठाणेकर

भाऊ, राहीबद्दल आदर आहेच. पण हा निर्णय घेता येण्याआधी तिच्या हातात जागतिक दर्जाचं पिस्तूल होतं. ज्याच्याकडे ते आहे तोच म्हणू शकतो की पिस्तुलाला महत्त्व नाही. क्लबच्या एकाच पिस्तुलावर आठ पोरं पाळी लावून शिकतात, प्रत्येकाचा हात वेगळा आणि ग्रिप एकच. त्यांना सांगा मेलेंत्येव्हची गोष्ट.

प्राजक्ता_रेंज

हे मात्र शंभर टक्के. चौकस पहिल्यांदा मुद्द्यावर आले. :)

मी_फक्त_वाचक

आणि पॅरिसचे ते मीमवाले तुर्की काका? नेमबाजीचा खास चष्मा नाही, काही नाही, खिशात हात घालून रौप्य?

प्राजक्ता_रेंज

युसुफ डिकेच. खिशात हात सगळेच घालतात, रिकामा हात हलू नये म्हणून. ते दोन्ही डोळे उघडे ठेवून मारतात, त्यामुळे एका डोळ्यापुढची पट्टी लागत नाही. हातातलं पिस्तूल मात्र स्टायरचं होतं, बाकीच्यांच्या तोडीस तोड. मीममध्ये पिस्तुलाकडे कुणी बघितलंच नाही.

वाटाड्या

जाता जाता रिओ २०१६ चं एक उदाहरण. ५० मीटरच्या अंतिम फेरीत जिनने मध्येच ६.६ चा शॉट मारला. अशा शॉटनंतर लोक मान खाली घालतात. तो सातव्या नंबरवर घसरला, तिथून एकेकाला गाठत आला आणि व्हिएतनामच्या होआंग शुआन विन्हला मागे टाकून १९३.७ वर सुवर्ण घेतलं, या प्रकारातलं सलग तिसरं. ६.६ मारणारं आणि त्यानंतर दहा मारणारं पिस्तूल एकच होतं.

चौकस_ठाणेकर

आणि ते लाल रंगाचं पिस्तूल मोरिनीने खास जिनसाठी बनवलेलं होतं. उदाहरण तरी क्लबच्या पिस्तुलाचं द्यायचं होतंत, साहेब.

रांगडा_करवीर

लाल रंगाचं चालंल. आमच्या क्लबला एक धाडा म्हनावं मोरिनीला.