‘चान्स ७० टक्के’ सांगणाऱ्या समुपदेशकाला पैसे का मोजायचे?

दादर_पूर्व
भाचीला यंदा (२०२५) इंजिनीअरिंगच्या सीईटीत पीसीएमला (फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स) ९९.२ पर्सेंटाइल आहेत, ओपनमधून. घरचे तिला प्रवेशाचा सल्ला देणाऱ्या एका समुपदेशकाकडे घेऊन गेले. त्याने तीन पानी रंगीत यादी हातात ठेवली. कॉलेज, शाखा आणि पुढे ‘चान्स’. माटुंग्याचं व्हीजेटीआय, कॉम्प्युटर ५ टक्के, लाल. व्हीजेटीआय इलेक्ट्रिकल ४० टक्के, पिवळं. उपनगरातली चार-पाच कॉलेजं ७० टक्के, हिरवी. फी पाच आकडी.

हे ४० आणि ७० आले कुठून, असं विचारलं तर म्हणाला, “अनुभव आहे आमचा.” म्हणजे पोपटवाल्या ज्योतिषाचंच काम, फक्त एसी लावून.

मुळात चान्स कळून करायचंय काय? कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या फॉर्ममध्ये ३०० पर्याय भरता येतात. वर अशक्य कॉलेज टाकलं म्हणून खालचं हातातून जात नाही. मनात ज्या क्रमाने आहे त्या क्रमाने भरा आणि गप्प बसा. कटऑफची पीडीएफ सीईटी सेलच्या संकेतस्थळावर फुकट आहे.

स्लो_लोकल
‘गप्प बसा’ला कडाडून विरोध. तुमचं गणित जुन्या नियमांचं आहे. यंदा चार फेऱ्या आहेत. पहिल्या फेरीत पहिला पर्याय लागला तर सीट आपोआप फ्रीझ, म्हणजे तीच पक्की, इथवर ठीक. पण दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी काहीही लागलं की फ्रीझ, तिसरीत पहिल्या सहापैकी. मग बेटरमेंट, म्हणजे पुढच्या फेरीत वरच्या पर्यायासाठी थांबणं, नाही. नको म्हणालात तर पुढच्या फेऱ्यांतूनही बाहेर.

आता समजा भाचीने तिसऱ्या क्रमांकावर ‘बरं आहे’ असं कॉलेज टाकलं आणि दुसऱ्या फेरीत तेच मिळालं. तिसऱ्या फेरीत वरच्या दोनपैकी एक जागा उघडली तरी तिला बघत बसावं लागणार. तेच कॉलेज चौथ्या क्रमांकावर असतं तर सीट हातात ठेवून वाट बघता आली असती. म्हणजे आवडीचा क्रम तोच राहतो, पण कुठलं कॉलेज तीनच्या आत आणि कुठलं बाहेर, हे ठरवायला अंदाज लागतोच.

दादर_पूर्व
हे मान्य. पण त्यासाठी ‘कठीण, शक्य, नक्की’ एवढे तीन ढीग पुरतात. ४० टक्के आणि ४५ टक्के यातला फरक कोण सांगणार?

आकडेमोड
दोघांचंही एक राहतंय. पर्सेंटाइलवरून अंदाज काढूच नका. २०२४ ला पीसीएमला साधारण तीन लाख मुलं बसली होती, यंदा चार लाखांवर. ९९.२ म्हणजे वरचे ०.८ टक्के. तीन लाखांत तुमच्या पुढे साधारण २,४००, चार लाखांत ३,२००. पर्सेंटाइल तेच, रांग आठशेने लांबली. गेल्या वर्षी ९९.२ ला अमुक मिळालं म्हणून यंदाही मिळेल, हे म्हणणं तिथेच पडलं.

कटऑफच्या पीडीएफमध्ये प्रत्येक चौकटीत दोन आकडे असतात. वर मेरिट नंबर, खाली कंसात सात दशांश स्थळांपर्यंतचे पर्सेंटाइल. लोक कंसातला वाचतात. वाचायचा असतो वरचा. यंदाची मेरिट यादी लागली की तो नंबर गेल्या वर्षीच्या नंबराशी ताडून बघा.

आणि भाची आहे ना? मग तुमच्या समुपदेशकाने जी-ओपनचा (सर्वसाधारण) रकाना बघितला की एल-ओपनचा (मुलींचा)? मुलींसाठी ३० टक्के जागा वेगळ्या असतात. नुसत्या जी-च्या रकान्यावरून मुलीचा चान्स काढला असेल तर ती यादी रद्दीत घाला.

दादर_पूर्व
आत्ताच बघितली. तिन्ही पानांवर जी-ओपनच आहे. धन्य.

ठाण्याची_आई
तुम्हा सगळ्यांना हसू येतंय, पण मी समुपदेशकाच्या बाजूने बोलणार. आमच्या घरात इंजिनीअरिंगला जाणारी मुलगी पहिलीच. मिस्टर बेस्टमध्ये, मी दहावी. जीओपनएच, जीओपनओ, एलओपनएस, टीएफडब्ल्यूएस... ही पीडीएफ उघडली की डोळ्यांपुढे अंधारी येते. एच म्हणजे आपल्या विद्यापीठाच्या हद्दीतल्यांसाठी, ओ म्हणजे बाहेरच्यांसाठी, एस म्हणजे राज्यभरासाठी, हे मला सांगितलं ते पैसे घेऊन बसलेल्या माणसानेच. टीएफडब्ल्यूएस म्हणजे आठ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर शिक्षण शुल्क माफ, पण जागा पाचच टक्के, म्हणून तिथला कटऑफ उलट चढाच असतो, हेही त्यानेच सांगितलं. आम्ही ‘फी माफ आहे म्हणजे सोपं असेल’ असं धरून चाललो होतो. दादर पूर्वेला भाचीचा मामा पीडीएफ वाचणारा आहे. आमच्याकडे कोण आहे?

स्लो_लोकल
ताई, मुद्दा शंभर टक्के बरोबर. त्याने समजावून सांगितलं त्याचे पैसे घेतले असतील तर घेऊ देत. वाद टक्क्यांवर आहे.

ठाण्याची_आई
टक्के सांगितल्याशिवाय पालक उठत नाहीत हो समोरून. “सांगा ना, मिळेल की नाही?” हेच दहादा विचारतात. मीसुद्धा विचारलं.

गोरेगाव_ते_चर्चगेट
आकडेमोड यांना थोडं टोकतो. मेरिट नंबरसुद्धा पवित्र नाही. पहिल्या फेरीत तुमच्या पुढे असलेली कितीतरी मुलं जेईईमधून आयआयटी-एनआयटीत निघून जातात, म्हणून पुढच्या फेऱ्यांत नंबर खाली सरकतो. कुठे किती सरकेल ते शाखेवर अवलंबून. शिवाय २०२४ पासून एआयसीटीईने (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने) चांगल्या कॉलेजांना एका शाखेत किती जागा असाव्यात यावरची कमाल मर्यादा काढली. कॉम्प्युटरच्या जागा वाढल्या की गेल्या वर्षीचा शेवटचा नंबर हा यंदाचा शेवटचा नंबर राहत नाही.

आणि उपनगरातली ‘७० टक्के हिरवी’ कॉलेजं कुठली? सांघवी गुजराती अल्पसंख्याक, चेंबूरचं विवेकानंद आणि वांद्र्याचं शहानी सिंधी. तिथे निम्म्याहून जास्त जागा त्या समाजासाठी, वर संस्थास्तरावरचा कोटा वेगळा. मराठी ओपनवाल्याला उरतात त्या जागा इतक्या कमी की दोन मुलांनी मन बदललं तरी कटऑफ हलतो. इतक्या थोड्या जागांवर कुणी ७० टक्के छातीठोकपणे सांगत असेल तर त्याच्या धाडसाला सलाम.

आकडेमोड
मान्य, पण म्हणूनच मागची तीन वर्षं आणि सगळ्या फेऱ्या बघायच्या. सरकतो तोसुद्धा साधारण ठराविक पट्ट्यात. अगदीच हवेतलं नाही.

माटुंगा_८९
चान्सची चर्चा भरपूर झाली. भाचीला हवंय काय हे कुणी विचारलं का? मी व्हीजेटीआयचा जुना विद्यार्थी, त्यामुळे पक्षपाती आहे. पण १८८७ पासूनची संस्था आहे, फी खासगीच्या मानाने कमी. कॉम्प्युटर सोडा, टेक्स्टाइल किंवा प्रॉडक्शन मिळत असेल तरी घ्यावं. कॅम्पसमध्ये येणाऱ्या बऱ्याच सॉफ्टवेअर कंपन्या शाखा बघत नाहीत.

गोरेगाव_ते_चर्चगेट
काका, ‘बऱ्याच’वर चार वर्षं काढायची का पोरीने? टेक्स्टाइल आवडत असेल तर जरूर घ्या, नुसत्या नावासाठी नको. आवड नसलेल्या शाखेत बॅकलॉग लागला की कॉलेजचं नाव पेपर सोडवायला येत नाही.

माटुंगा_८९
आमच्या वेळी टेक्स्टाइलची मुलं आमच्याआधी नोकरीला लागली होती.

गोरेगाव_ते_चर्चगेट
तुमच्या वेळी परळ-लालबागला गिरण्यांचे काही भोंगे अजून वाजत होते.

दादर_पूर्व
भाचीला विचारलं. इलेक्ट्रिकल चालेल, टेक्स्टाइल नको, आणि विरारच्या पलीकडचं काहीच नको म्हणते. स्लो_लोकल, म्हणजे दुसऱ्या फेरीला व्हीजेटीआय कॉम्प्युटर, आयटी, इलेक्ट्रिकल हे पहिले तीन, आणि उपनगरातली सगळी चौथ्यापासून खाली. बरोबर?

स्लो_लोकल
इलेक्ट्रिकल लागलं तर तिथेच फ्रीझ, हे तिला चालणार असेल तर बरोबर. नाहीतर अंधेरीचं एसपीआयटी कॉम्प्युटर तिसरं आणि इलेक्ट्रिकल चौथं. हे तिलाच ठरवू दे, मामाने नाही.

माटुंगा_८९
टेक्स्टाइल निदान विसावं तरी टाका.