प्रतिसाद: लेन्स नको, सकाळी उठा

कोकणात हर्णैच्या किनाऱ्यावर भरदुपारी काढलेले फोटो फिके आले, नवी लेन्स घेऊ का, असं एकाने विचारलंय. एवढ्यात पैसे घालवू नका. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणजे सकाळी सूर्य पाठीशी. समोर समुद्रात असलेल्या सुवर्णदुर्ग किल्ल्याचा तट तेव्हा उजळलेला मिळतो. संध्याकाळी तोच किल्ला नुसती काळी आकृती. तीही छानच दिसते म्हणा.

ओहोटीला ओली वाळू आरशासारखी चकाकते. उकिडवं बसून कॅमेरा जवळजवळ वाळूला टेकवा, होडीसकट तिचं प्रतिबिंब येतं. पांढऱ्या आभाळापुढे चेहरे काळवंडत असतील तर कॅमेऱ्यात एक्स्पोजर (फोटोचा उजेडपणा) +१ करा.

माझी फजिती सांगतो. एसी गाडीतून उतरून थेट मासळीच्या लिलावात घुसलो आणि लेन्सवर वाफ धरली. पुसली, पुन्हा धरली. तोवर सुरमई विकलीसुद्धा गेली! आता पोचायच्या वीस मिनिटं आधी एसी बंद करतो, बायको कुरकुरते. आणि कोळणींचा फोटो विचारूनच काढा. ऐन धंद्यात मध्ये कडमडलात तर जे ऐकावं लागेल ते इथे लिहिता येणार नाही.