मुरूड ते हरिहरेश्वर, गाडीशिवाय, आत्यासकट (तातडीचं)

प्रेषक: माधवी
मंडळी, मी पार्ल्यातच आहे. शनिवारी पहाटे निघायचं. मी, निखिल आणि आत्या. आत्याचे गुडघे तुम्हा सगळ्यांना पाठ आहेत. गेल्या खेपेचा ड्रायव्हर आठवत असेल, म्हणून यंदा गाडी नाही. जाताना बोट आणि एसटी, येताना खेडहून मांडवी एक्सप्रेस. मुरूडपर्यंतचं कळलं. पुढे आगरदांड्याहून खाडी ओलांडली की दिघीला काय मिळतं? कुणी अलीकडे गेलंय का? ‘गाडी करा’ हे उत्तर नको.

प्रेषक: सुहास
गाडी करा. बरं, मारू नका. पण अटल सेतू झाल्यापासून शिवडीहून पलीकडे जायला वेळ लागत नाही. मग वडखळ, पेण, अलिबाग. बोटीचं कौतुक आपल्यासारख्या परदेशातून आलेल्यांनाच. इथली माणसं आता गाडीनेच जातात.

प्रेषक: शर्मिला
सुहास, वडखळ आधी नाही, पेण आधी. आणि ‘वेळ लागत नाही’ हे शनिवारी सकाळी वडखळ नाक्यावर उभं राहून सांग.
माधवी, गेटवेच्या कॅटामरानच्या तिकिटात मांडवा ते अलिबाग बस धरलेली असते, पण आत्यांना तिथून चढवू नकोस. धक्क्याच्या पायऱ्या ओल्या, बोट वरखाली होते, आणि हात धरणारा खलाशी एकाच वेळी चार जणांना ओढत असतो. भाऊच्या धक्क्यावरून रो-रो (गाड्याही नेणारी मोठी बोट) घे. उतरत्या रॅम्पवरून सरळ आत चालत जाता येतं. तासाभरात मांडवा. पार्ल्याहून हार्बरची सीएसएमटी लोकल धर, डॉकयार्ड रोडला उतर, तिथून टॅक्सी. मासळीचा वास येईल, तेवढं आत्यांना आधी सांगून ठेव.

प्रेषक: प्रमोदकाका
भाऊचा धक्का म्हटलं की आमच्या घरात अजून रामदास बोटीची आठवण निघते. १७ जुलै १९४७. रेवसला निघालेली बोट वाटेत बुडाली, सहाशेच्या वर माणसं गेली. माझ्या वडिलांचे एक शेजारी त्या दिवशी जाणार होते, घरी पाहुणे आले म्हणून थांबले. आमची आजी त्यानंतर आषाढात कुणाला बोटीत बसू द्यायची नाही. गेटवे–मांडवा बोटी पावसाळ्यात बंद ठेवतात तेच योग्य आहे.

प्रेषक: शर्मिला
काका, हे आत्यांना वाचून दाखवू नका म्हणजे झालं. डिसेंबर आहे.

प्रेषक: भालचंद्र (श्रीवर्धनकर)
मूळ प्रश्नाचं उत्तर कुणी दिलेलंच नाही. आमच्या गावचा रस्ता आहे, म्हणून लिहितो.
एसटी खाडी ओलांडत नाही. मुरूडकडची गाडी अलीकडे थांबते, पलीकडची पलीकडे. रस्त्याने जायचं तर खाडीला मोठा वळसा. म्हणून मुरूडहून रिक्षाने आगरदांडा, तिथून जंगलजेटीने (गाड्या चढतात ती फेरीबोट, माणसंही बसतात) दिघी. उतरायला अडचण नाही, तीही रॅम्पचीच. खरी अडचण दिघीला. फेरी लागली की गाडीवाले भुर्रकन जातात आणि चालत उतरलेले जेटीवर उरतात. एसटी आहे, पण तुमची फेरी बघून सुटत नाही. तेव्हा जिथे मुक्काम कराल त्या घरवाल्यालाच आदल्या दिवशी सांगा, ‘दिघीला रिक्षा पाठवा’. दिवेआगरचे बहुतेक घरगुती राहण्याची सोय करणारे हे करतात. यात गाडी न करण्याचं माधवीचं व्रत मोडत नाही. रिक्षा चालते ना?
जंजिरा करायचा असेल तर राजपुरीहून शिडाच्या होड्या आहेत. पण दरवाजाशी होडी हलत असताना उडी मारून चढावं लागतं. आत्यांनी किनाऱ्यावरून बघावा.

प्रेषक: सुहास
> एसटी आहे, पण तुमची फेरी बघून सुटत नाही
म्हणूनच म्हटलं, गाडी करा.

प्रेषक: आशाताई
एसटीत बायकांना अर्धं तिकीट, मार्च २०२३ पासून. ७५च्या वर फुकट, वयाचा पुरावा दाखवायचा. आत्यांकडे आधार असेलच. आपल्यापैकी ज्यांच्याकडे फक्त परदेशी पासपोर्ट आहे त्या बायकांचं काय? मी गेल्या वर्षी मुकाट्याने अर्धं काढलं, कंडक्टरने काही विचारलं नाही.

प्रेषक: शर्मिला
आशाताई, यावर चर्चा नको. कोजागिरीच्या वर्गणीचा हिशोब आधी पूर्ण करूया.

प्रेषक: भालचंद्र (श्रीवर्धनकर)
हरिहरेश्वरला प्रदक्षिणा करायची असेल तर भरती बघून जा. डोंगराला वळसा घालणारी वाट खडकांवरून जाते, भरतीत ती पाण्याखाली असते. पायऱ्या उतरून खाली जाता येतं, वर यायला मग जड जातं. गणित सोपं: तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. माधवी सोमवारी पोचेल, सोमवारी पंचमी. पाच पाऊणे पावणेचार. ओहोटी त्याच्या सहा तास आधी, म्हणजे सकाळी साडेनऊ-दहाला.

प्रेषक: प्रमोदकाका
अष्टमीला गेलात तर बरं, भरती सकाळ-संध्याकाळ सहाला आणि ओहोटी भर दुपारी. निवांत.

प्रेषक: भालचंद्र (श्रीवर्धनकर)
काका, अष्टमीला भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटी लहान. भांगाच्या ओहोटीत पाणी फारसं उतरतच नाही, खडकांवर शेवाळ ओलंच राहतं. पंचमी बरी. आमच्याकडे कोळ्यांना विचारा.

प्रेषक: निखिल
आत्या खडकांवर कुठे चालणार आहे?

प्रेषक: भालचंद्र (श्रीवर्धनकर)
आत्यांना नाही, तुम्हा दोघांना सांगतोय. त्यांनी देवळातच बसावं.

प्रेषक: माधवी
भालचंद्रकाका, दिघीची रिक्षा सांगितली, घरवाल्या काकूंनी ‘कोणती फेरी ते जेटीवरून फोन करा’ म्हटलंय. आता दुसरा घोळ. हरिहरेश्वरहून बागमांडला, फेरीने वेसवी, मग दापोली, खेड असं ठरलं. पण मांडवीला वेटिंग आहे. तत्काळ घेऊ म्हटलं तर माझ्या खात्याला आधार जोडलेलं नाही.

प्रेषक: शर्मिला
२०२५च्या जुलैपासून आधार जोडलेल्या खात्याशिवाय ऑनलाइन तत्काळ मिळत नाही. आत्यांचं खातं उघडून देणार का कुणी? आणि साधं आरक्षण दोन महिने आधी काढायचं असतं, पूर्वी चार महिने मिळायचे. मी ऑक्टोबरमध्येच लिस्टवर लिहिलं होतं.

प्रेषक: आशाताई
दापोलीहून रात्रीची मुंबई एसटी आहे की. अर्धं तिकीट.

प्रेषक: सुहास
रात्रभर एसटी, ७८व्या वर्षी, त्या गुडघ्यांनिशी?

प्रेषक: माधवी
आत्या म्हणते तिला एसटी चालेल, खिडकी मिळाली तर. रेल्वेतून समुद्र दिसत नाही, नुसते बोगदे, असं तिचं म्हणणं आहे. तर मांडवी रद्द. दापोलीच्या गाडीत पुढची सीट आजच काढते. सुहास, तुझ्याकडची ती घडीची खुर्ची शुक्रवारपर्यंत पार्ल्याला पोचवशील का? जेटीवर बसायला लागेल.